दुसरा ठिपका

८ जानेवारी

चि. ठिणगीस, बापाचे घामेजलेले आशीर्वाद.

पोचलो. विमानातून उतरलो आणि कुणीतरी तोंडावर गरम ओला टॉवेल दाबून धरावा तसं झालं. स्वेटर, कोट, कानटोपी असा सगळा सरंजाम हातात घेऊन बाहेर आलो. जन्म गेला लोकांच्या घरात बॉयलर बसवण्यात आणि भिंतींतून गरम पाण्याचे नळ फिरवण्यात. इथे जो तो घर गार कसं राहील या विवंचनेत. माझ्या धंद्याला या देशात कुत्रंसुद्धा विचारणार नाही.

फोन करत नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर आपण दोघं हवेपाण्यावर बोलतो आणि ठेवून देतो. धाकटा गेल्यापासून असंच चाललंय. पत्रात निदान मध्येच रडू आलं तर दुसऱ्याला ऐकू जात नाही.

आता खरं सांगतो. छातीला थंडी सोसत नाही, हिवाळ्यापुरतं समुद्राकाठी सुट्टीचं घर बघतो, असं मी तुला सांगून निघालो. डॉक्टरलाही तेच सांगितलं. खोटं नव्हतं, पण समुद्र काय एकाच गावाला आहे? मी मुद्दाम या गावी आलोय. आपला धाकटा सहा वर्षं जिथे राहिला आणि जिथल्या इस्पितळात दोन दिवसांच्या तापात गेला, ते हे गाव. तो कुठल्या घरात राहिला, एवढंच मला बघायचंय. पत्ता आपल्याकडे नाही. इस्पितळाच्या कागदावर नुसतं गावाचं नाव होतं.

मग घर घ्यायला आलोय असं का सांगतोस, म्हणशील. अगं, घर घ्यायला आलेल्या माणसाला लोक सगळी दारं उघडून दाखवतात, कपाटंसुद्धा. मेलेल्या मुलाचा माग काढत आलेल्या बापाला खुर्ची देतात, पाणी देतात आणि गप्प बसतात. ते मला नको होतं.

एक दलाल गाठलाय. गोल पोटाचा आहे, सारखा हसतो, प्रत्येक वाक्याला 'हो सर' म्हणतो. काल पहिलं घर दाखवलं. मी सवयीने खिडक्या घट्ट बसतात का, फटीतून वारा येतो का, ते बघायला लागलो. तो म्हणाला, सर, इथे वारा यावा म्हणून लोक जास्त पैसे देतात.

'उपाशी मरेन पण पाइपला हात लावणार नाही' म्हणून गेला होता पोरगा. पोटापाण्यासाठी इथे काय करायचा कोण जाणे. तुला तरी कुठे ठाऊक आहे म्हणा.

दुकानाकडे लक्ष ठेव.

तुझा बाप


१९ जानेवारी

ती. बाबांना नमस्कार, आणि आधी भरपूर रागावून घेते.

छातीचं कारण सांगून सरळ तिथे जाऊन बसलात! मी इकडे तुमच्यासाठी मलमाच्या डब्या बांधून दिल्या आणि तुम्ही गालातल्या गालात हसत असाल. या वयात असली लबाडी शोभत नाही.

इथे बर्फ आहे. दुकानात रोज दोन-तीन जण येतात, 'म्हातारबाबा कधी येणार' विचारतात आणि दुसऱ्या कुणाकडून काम करून घ्यायला नाही म्हणतात. मी सांगते, म्हातारबाबा समुद्रात डुंबतायत. कुणाचा विश्वास बसत नाही.

बाबा, तिथे काय सापडणार आहे? भाड्याच्या खोल्या, माणसं येतात, जातात. ज्याने त्याला पाहिलं असेल तो तरी अजून तिथे असेल का? उन्हातून वणवण करू नका. समुद्र बघा, आराम करा आणि परत या. आईच्या मागे आपण तिघं होतो, आता दोघंच उरलो. तुम्ही तिकडे आजारी पडलात तर मी काय करू, एवढा तरी विचार करा.

पाणी उकळून प्या.

ठिणगी


२४ जानेवारी

चि. ठिणगीस,

सापडलं! घर सापडलं!

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे. दलालाने काल चौथं घर दाखवलं. टेकडीच्या उतारावर आहे, पुढे लाकडी कठड्याचा व्हरांडा, आत तीन खोल्या, वर गच्चीवर पाण्याची टाकी. मालक दूर शहरात राहतो, घर रिकामंच असतं. दलाल समुद्राचं कौतुक सांगत होता. मी आपला नेहमीप्रमाणे आधी न्हाणीघरात शिरलो आणि बेसिनखाली वाकलो.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण लिहायला बरं वाटतंय. आपल्या दुकानाची रीत काय? पाइपच्या आट्यांवर सुतळी गुंडाळायची, नट आवळायचा, आणि मग लाल रंगाची एक रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी पाइपवर. रेघ तुटली की समजायचं, जोड हलला. मग गार पाणी सोडायचं. टिपूस नाही गळलं तर रेघेशेजारी एक ठिपका. मग गरम पाणी सोडायचं. तरी कोरडा राहिला तर दुसरा ठिपका. बाकीचे फिटर हसायचे आपल्याला, म्हणायचे, जोड करतो की कुंकू लावतो. आपल्याशिवाय ही रीत मी कुठे पाहिली नाही.

त्या बेसिनखाली लाल रेघ होती. शेजारी दोन ठिपके होते.

ठिणगे, या देशात गरम पाण्याचा नळच नाही. दुसरा ठिपका द्यायला काही कारणच नाही. तो फक्त माझ्या हाताखाली शिकलेला माणूसच देईल.

मी तिथेच फरशीवर बसलो. दलालाला वाटलं ऊन लागलं, पंखा घालायला लागला. मी विचारलं, इथे कुणी तरुण परदेशी मुलगा राहायचा का? म्हणाला, हो सर. उंच? हो सर. जरा तिरसट? हो सर, अगदी तसाच.

मी रात्री याचा नीट विचार केलाय. शपथ मोडून परक्याच्या घरी तो पाइपला हात लावायचा नाही. हट्टाला तो माझ्यावर गेला होता. स्वतःच्या राहत्या घरात गळायला लागलं, दुसरं कोण करणार, म्हणून केलं असणार. म्हणजे हे त्याचंच घर.

मी हे घर घेतोय. दुकान विकू. आता आणखी कुणाच्या घरात ऊब भरू? उरलेले दिवस इथे काढीन, तो राहिला त्या खोल्यांत.

बाप


३ फेब्रुवारी

ती. बाबा,

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं. मग जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले. रडण्याचं कारण विचारू नका, सगळंच आहे.

पण सहीची घाई करू नका. हात जोडते. तो दलाल सगळ्यालाच 'हो सर' म्हणतो असं तुम्हीच लिहिलंत. तुम्ही विचारलं असतंत, त्याला शेपूट होतं का, तरी तो हो म्हणाला असता. मालकाकडे चौकशी करा. आणि समुद्राकाठच्या घरात लोखंड टिकत नाही, गंज चढतो, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? तुम्ही तिथे एकटे, शेजारपाजार नाही, दवाखाना किती लांब आहे तेही लिहिलं नाहीत.

दुकानाचं आत्ता काही ठरवू नका. दोन-तीन महिने थांबलात तर घर कुठे पळून जात नाही. मला जरा विचार करू द्या, मग सविस्तर लिहिते.

ठिणगी


९ फेब्रुवारी

चि. मुलीस,

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. गंजाबद्दल आभारी आहे.

दुकानाची एवढी काळजी वाटत असेल तर स्पष्ट लिहायचंस. त्यातलं तुझं तुला मिळेल, तुझ्या बापाने आजवर कुणाचं काही ठेवून घेतलेलं नाही. पण मुलाचं घर सापडलं असं बाप कळवतो आणि पोटची मुलगी त्याला दवाखान्याचं अंतर विचारते, हे मला अपेक्षित नव्हतं. तुझं आणि त्याचं मेतकूट होतं लहानपणी. मला वाटलं होतं, तू पहिल्या विमानाने येशील.

मालकाने किल्ली दिलीय, सही व्हायच्या आधीच मी इथे राहायला आलो. फेब्रुवारीच्या शेवटी कागद होतील. समुद्राच्या बाजूच्या खोलीत तो झोपायचा असं मी धरून चाललोय. त्याला अंधारात झोप यायची नाही, आणि त्या खोलीत पहाटे लवकर उजेड येतो. भिंतीला एक खुंटी आहे, तिथे शर्ट टांगायचा असेल. मीही तिथेच टांगतो. संध्याकाळी व्हरांड्यात बसतो आणि, हसू नकोस, त्याच्याशी बोलतो. साधंच बोलतो. आज मासेवाल्याने फसवलं, आज वारा पडला, असलं. सहा वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. आता बरं चाललंय आमचं.

तुला यायचं असेल तर मधली खोली तुझी.

बाप


१६ फेब्रुवारी

बाबा,

हे पत्र तुमचे कागद व्हायच्या आधी पोचावं म्हणून जास्तीचे पैसे भरून पाठवतेय. दुकान तुम्ही वाटेल त्याला देऊन टाका, मला त्यातला एक नटबोल्ट नको. तुमचं ते वाक्य मला फार लागलं. पण ते लागलं म्हणूनच आज लिहायचा धीर होतोय.

ते घर त्याचं नाही.

मी त्या गावी गेले होते. तो वारला त्याच्या आदल्या वर्षी, ऑफिसच्या प्रशिक्षणाला जाते म्हणून सांगून निघाले होते ना, तेव्हा. चार दिवस राहिले त्याच्याकडे. तो मला घ्यायला आला तो सायकलवर. मागच्या कॅरिअरला पाइपाचे तुकडे बांधलेले, पुढे पिशवीत पान्हा. मी बघतच राहिले. रस्त्याने जाताना खिडक्यांतून बायका हाका मारायच्या, 'ओ फिटर, आमच्याकडे कधी?' मला हसू आवरेना. तो आधी चिडला, मग तोही हसायला लागला, इतका की सायकल थांबवावी लागली.

बाबा, सहा वर्षं त्याने तुमचाच धंदा केला. पहिले काही महिने दुसरं काय काय करून पाहिलं, जमलं नाही. मग कुणाचा तरी नळ गळत होता. तो म्हणाला, हे एकच मला नीट येतं, काय करू. त्या गावात निम्म्या घरांत तुम्हाला ती रेघ सापडेल. मी विचारलं होतं, गरम पाणी नसताना दोन ठिपके कशाला देतोस? म्हणाला, एकावर हात थांबत नाही.

तुम्हाला सांगायचं नाही, असं त्याने आईची शपथ घालून कबूल करवून घेतलं. 'त्यांना जिंकल्यासारखं वाटेल,' म्हणाला. एक दिवस स्वतःच येऊन सांगणार होता. मग तो गेला. मेलेल्या माणसाची चहाडी कशी करायची, मला कळेना. आणि तुम्ही कधी त्याचं नावही काढत नव्हतात.

तो सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे राहायचा. एकच खोली, खिडकी नाही, दिवा लावून झोपायचा. तो गेल्यावर मी सायकलवाल्याला फोन केला होता, त्याच्या वस्तू मागवायला. रस्ता रुंद करताना दुकान आणि खोली दोन्ही पाडली होती. बघायला काही उरलेलं नाही, म्हणून मी गप्प बसले. तुम्ही झोपता त्या खोलीत तो कधी झोपला नाही, बाबा. एखाद्या दुपारी येऊन जोड करून गेला असेल.

हे लिहून मी तुमचं काय काय हिरावून घेतेय, मला कळतंय. पण तुम्ही सगळं विकून भलत्याच्या खुंटीला शर्ट टांगून बसावं, हे मला बघवणार नाही. हवं तर माझ्याशी बोलू नका. घरी या.

तुमची ठिणगी


६ मार्च

चि. ठिणगीस,

तुझं पत्र वेळेवर पोचलं. सही केली नाही.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी काही दिवस मी तुला शिव्या देत होतो. आधी मनातल्या मनात, मग मोठ्याने. घरात ऐकायला कोणी नव्हतं. मग त्या खोलीतली गादी ओढत बाहेरच्या खोलीत आणली. त्या खोलीत पाऊल टाकवेना. व्हरांड्यातही बसवेना, कुणाशी बोलत होतो इतके दिवस, याची लाज वाटायला लागली. फार एकटं वाटलं, पोरी. तो गेल्याची बातमी आली तेव्हा वाटलं नव्हतं एवढं. तेव्हा राग होता सोबतीला.

मग सायकलवाल्याच्या जागेवर गेलो. दलालानेच नेलं. तिथे डांबर आहे, वरून ट्रक जातात. दोन मिनिटं उभं राहायचं म्हटलं तर भोंगे वाजवतात. दलालाला मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. पहिल्यांदाच तो 'हो सर' म्हणाला नाही. मग म्हणाला, चला, दाखवतो.

तेव्हापासून आम्ही रोज घरं बघतो. विकायची, न विकायची, सगळी. मी समुद्र बघत नाही, खोल्या बघत नाही, थेट न्हाणीघर. गावात बोभाटा झालाय की एक म्हातारा आलाय, त्याला फक्त लोकांचे पाइप बघायचेत. तू म्हणालीस ते खरं आहे. शाळेत आहेत, धर्मशाळेत आहेत, ज्या इस्पितळात तो गेला तिथल्या धुण्याच्या खोलीतसुद्धा आहेत. सगळीकडे दोन ठिपके. काम चोख आहे. नटावर पान्ह्याचा ओरखडा नाही. माझ्या हातून अजून पडतो.

जिंकल्यासारखं वाटेल म्हणाला ना? त्याला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, कसं वाटतं ते.

एक विचारतो. त्या चार दिवसांत तो माझ्याबद्दल काय बोलला? माझं मन राखायला काही रचू नकोस. आता मला रचलेलं ओळखू येतं.

बाप


१५ मार्च

ती. बाबा,

तुम्ही रचू नकोस म्हणालात, नाहीतर खरंच काहीतरी गोड लिहिलं असतं. एक मसुदा लिहूनही झाला होता. फाडला.

तुमच्याबद्दल तो बोलला नाही. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा उठून बाहेर गेला. निघायच्या दिवशी बसस्टँडवर माझी बॅग वर चढवताना एकदाच त्याने विचारलं, 'म्हातारा अजून शिडीवर चढतो?' मी म्हटलं, हो, कुणाचं ऐकतात थोडंच. म्हणाला, 'चढू देऊ नकोस.' मग बस सुटली.

एवढंच आहे, बाबा. मी खूप आठवून पाहिलं. आणखी नाही.

ठिणगी


२८ मार्च

चि. ठिणगीस,

रविवारी निघतो. घर घेतलं नाही. दलालाला इतके दिवस फुकट फिरवलं म्हणून हात जोडले, तर तो माझ्याच गळ्यात पडून रडला. मला समजूत काढावी लागली.

तुझं पत्र नीट घडी करून ठेवलंय. थोडं आहे, पण खोटं नाही, पुरवून वापरीन.

काल कपडे शिवणारी एक बाई दारात आली. म्हणाली, तुम्ही फिटरचे वडील ना? आमचा नळ वर्षभर गळतोय, तो गेल्यापासून कुणी नीट करून दिला नाही. मी उसना पान्हा घेऊन गेलो. त्याचाच जोड होता. रेघ तुटलेली, जोड हललेला, बहुतेक पोरांनी नळाला लोंबकळून हलवला असणार. दुरुस्त करायचा तर आधी त्याचं केलेलं उघडावं लागणार होतं. मी बराच वेळ नुसता धरून बसलो. बाईला वाटलं मला जमत नाहीये. मग नट सोडला आणि त्याने गुंडाळलेली सुतळी एकेक वेढा करून उलगडली. खालची कुजली होती. पिळली तर काळं पाणी निघालं. टाकून दिली. नवी लावली, आवळलं. रडत होतो, पण हात चालू होते.

बाईने नळ सोडून बघितला. पाणी आलं, जोड कोरडा राहिला. ती खूश झाली, पण बोलून गेली, तुमचा मुलगा गप्पा मारता मारता उरकायचा, तुम्हाला फार वेळ लागला.

मी म्हटलं, तो माझ्यापेक्षा चांगला फिटर होता.

ती म्हणाली, हे त्याला सांगितलं होतंत का कधी? मी नाही म्हटलं आणि नळ बंद केला.

तुझा बाप